किटलीवाली बोट

जामखेडला आप्पा गुरुजींकडे ज्येष्ठ लागला की माणसं एकच प्रश्न घेऊन यायची : यंदा कोणत्या दिंडीत जाऊ? पैठणहून निघालेली नाथमहाराजांची पालखी तालुक्यातल्या खर्ड्यावरून परांड्याकडे जाते आणि पंचक्रोशीतली पुष्कळ माणसं तिथंच तिला मिळतात. गुरुजींनी बरीच वर्षं एका दिंडीचा हिशेब सांभाळलेला. पण विचारायला आलेल्या माणसाला ते दिंडीचं नाव आधी कधी सांगत नसत. उलट त्यालाच विचारत : बरोबर कोण कोण आहे? त्यात सगळ्यांत हळू चालणारं कोण? भिशीत, म्हणजे दिंडीच्या वर्गणीत, काय काय धरलंय आणि वरखर्च किती? एवढं बोलणं झालं की निम्म्या दिंड्या आपोआप गळायच्या. ट्रकवरची रोषणाई आणि कर्ण्याचा आवाज यांची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

हेच गुरुजी एका डिसेंबरात बोटीच्या भानगडीत सापडले.

मुलगा लेस्टरला. पंधरा-सोळा वर्षं तिकडंच, आता पासपोर्टही ब्रिटिश. नाताळच्या सुट्टीत सून आणि दोन नातवंडं घेऊन घरी आलेला. मळ्यात हुरड्याची आगटी पेटलेली, लसणाची चटणी पुढ्यात, आणि हा फोन काढून बसला. येत्या उन्हाळ्यात आईआप्पांना तिकडं न्यायचं आणि सहा जणांनी मिळून बोटीनं आठवडाभर हिंडायचं, असा त्याचा बेत. इंग्लंडात बोटीच्या सुट्टीची मोठी खरेदी जानेवारीत होते. त्यामुळं घाई होती.

"आप्पा, ही बघा. 'आयकॉन ऑफ द सीज'. 2024 ला आली. 365 मीटर लांब. पाण्याच्या घसरगुंड्याच सहा."

नातू उडालाच. आप्पांनी चष्मा वर केला. "निघते कुठून?"

"मायामीहून."

"म्हणजे अमेरिका. म्हणजे आम्हा दोघांना आणखी एक व्हिसा, आणि तुझ्या आईला आणखी एक विमान. पुढची दाखव."

शेजारी तात्या बसले होते, आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांचा मुलगा बर्मिंगहॅमला. त्यानं आदल्याच वर्षी आईबापांना अशाच एका अवाढव्य बोटीवर नेलं होतं. तात्या म्हणाले, "दादा, घ्यायची तर मोठीच घ्या. पोरं आमची रोज रात्री बळंबळं झोपवावी लागायची, इतकी रमली."

"आणि तू?"

तात्यांनी हुरड्याची मूठ तोंडात टाकली. चावून होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "मी खोलीत असायचो. जेवणघर एका टोकाला, खोली दुसऱ्या टोकाला. लिफ्टपुढं रांग. वर नाच-गाणं मध्यरात्रीपर्यंत. हिला तर दिशाच कळायची नाही. पण बोट झकास होती हां!"

ती झकासच होती. फक्त तात्यांसाठी बांधलेली नव्हती. अशा बोटींत वाईट काही नसतं. तरुण आईबाप आणि दहा-बारा वर्षांची पोरं डोळ्यांपुढं ठेवून त्या घडवलेल्या असतात. त्या गिऱ्हाइकाला त्या भरभरून देतात.

आप्पांनी मग दिंडीतली चौकशी बोटीला लावली. मुलगा आधी हसला, नंतर उत्तरं शोधायला लागला.

पहिला प्रश्न पैशांचा. अमेरिकन बोटींवर तिकिटाचा आकडा कमी दिसला तरी नोकरांची बक्षिसी बहुधा वेगळी धरतात, माणशी रोज पंधरा ते वीस डॉलर, आणि ती खात्यावर आपोआप चढते. आप्पांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर गुणाकार मांडला : सहा माणसं, सात रात्री, अठरा डॉलर. 756 डॉलर. "ही भिशीच्या बाहेरची भिशी," ते म्हणाले. उलट खास ब्रिटिश गिऱ्हाइकासाठी चालणाऱ्या बोटींवर हिशेब पौंडात. पी अँड ओ क्रूझेस 2019 पासून वेगळी बक्षिसी लावत नाही. मरेला कंपनीच्या तिकिटात तर बक्षिसीबरोबर पेयंही धरलेली असतात.

पी अँड ओ हे नाव ऐकून आप्पा थबकले. शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. 8 जुलै 1910 ला मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी जिच्यातून समुद्रात उडी घेतली ती 'मोरिया' ह्याच कंपनीची. 1931 ला गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ज्या 'राजपुताना'नं गेले तीही हिचीच. जवळजवळ शंभर वर्षं विलायतेची डाक आणि साहेबलोक वाहून नेणारी कंपनी! आप्पा नातवाला हे सगळं रंगवून सांगत सुटले. नातवानं विचारलं, "म्हणजे ती एकदम ब्रिटिश ना?"

"होती," मुलगा म्हणाला. "आता मालक कार्निव्हल. मायामीचेच."

"आणि ती मरेला?"

"तिचे मालक जर्मन."

आप्पांना गंमत वाटली. नाव एका देशाचं, गल्ला दुसऱ्याच देशाचा. पण त्यांनी बोट खोडली नाही. मालक कुठला का असेना, गिऱ्हाईक कोण धरलंय ते बघायचं, एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले.

बरोबर कोण? इथं भराभर नावं गळाली. सागा कंपनीची सेवा उत्तम, पण ती पन्नाशीपुढच्यांसाठी, नातवंडं बाहेर. पी अँड ओच्याच 'आर्केडिया' आणि 'ऑरोरा' फक्त प्रौढांसाठी, ह्याही बाद. फ्रेड ओल्सनच्या बोटी आटोपशीर, चालायचं अंतर कमी, तात्यांना नक्की आवडल्या असत्या. पण तिथं सगळी पिकली पानं, तेरा वर्षांची नात दुसऱ्या दिवशी कंटाळली असती. कुनार्डवर काही रात्री थाटामाटाचा पोशाख करून जेवायला जायचं असतं. "मी लग्नात कोट घातला नव्हता," आप्पा म्हणाले आणि तो विषय संपला. मरेला जवळच्या विमानतळावरून थेट भूमध्य समुद्राकाठी नेते, ही इंग्लंडातल्या कुटुंबाला मोठीच सोय. पण मुंबई ते लंडन नऊ-दहा तास बसून आलेल्या आईच्या गुडघ्यांना पुन्हा विमान नको होतं. साउदॅम्प्टन लेस्टरहून मोटारीनं तीनेक तासांवर. सामान गाडीतून थेट बंदरावर. जामखेडची माणसं परगावी जाताना सामान किती घेतात हे ज्यानं पाहिलंय त्याला ह्या सोयीची किंमत कळेल.

एवढं झालं तरी सुनेला अजून कुणी विचारलं नव्हतं. ती तिकडं इस्पितळात परिचारिका, आठवड्यात दोन-तीन रात्रपाळ्या. आप्पांनीच तिच्याकडं मान वळवली. "तुला काय पाहिजे, बाई?"

ती जरा गोंधळली. "मामा, मला काहीच नको. आठ दिवस स्वयंपाक नको आणि कुणी उठवायला नको."

मुलानं तयार केलेल्या यादीत रोज एक बंदर होतं. सकाळी सातला उठून घाट-चर्च-बाजार, संध्याकाळी परत. सुनेच्या एका वाक्यानं ती यादी निकालात निघाली. मधे एक-दोन दिवस नुसता समुद्र असलेली सफर शोधायची ठरलं. पोरांसाठी बोटीवर मुलांचा क्लब हवा, म्हणजे तिला दुपारी झोपता येईल. नातवाच्या सहा घसरगुंड्या गळाल्या. त्यानं कुरकुर केली, पण आप्पांनी त्याला पोहण्याचे तलाव मोजायला लावलं.

आता राहिली आई. ती इतका वेळ आगटीतून कणसं काढून तळहातावर चोळत होती, दाणे पाखडून प्रत्येकापुढं ढीग करत होती. तिला विचारलं ते जेवणाचं. सुट्टी पडणार जुलैच्या उत्तरार्धात; म्हणजे इकडं श्रावणाचा सुमार. कांदा-लसूण बंद, सोमवार-शनिवार उपास. मुलानं वाचून दाखवलं : शाकाहारी पदार्थ असतात, पथ्य आधी कळवलं तर सांभाळतात, काही बोटींवर 'सिंधू' हे हिंदुस्थानी जेवणघरही आहे, फक्त त्याचे पैसे जादा.

"जेवणाचं बघू रे," आई म्हणाली. "मी दशम्या नि शेंगदाण्याचे लाडू घेईन. मला एक सांग. त्या खोलीत चहा करता येतो का?"

"चहा? कधीही जाऊन पी ना. रात्रंदिवस मिळतो."

"कुठं?"

"वर. बाराव्या-तेराव्या मजल्यावर."

"मी चारला उठते. चार वाजता लुगडं सावरत तेरा मजले चढू का? आन् त्यांना झोपेतून उठवू?" तिनं आप्पांकडं बोट केलं. "त्यांचा चहा झाल्याशिवाय कुणाचं तोंड बघत नाहीत ते."

मुलगा म्हणाला, इथून छोटी विजेची किटली नेऊ. मग त्यानंच नियम वाचला आणि गप्प झाला. बोटीवर आगीची भीती सगळ्यांत मोठी; किटली, इस्त्री, शेगडी प्रवाशानं आणली तर चढतानाच काढून घेतात. कंपनीनंच खोलीत ठेवली असेल तर आहे, नसेल तर नाही.

आणि इथंच सगळा निकाल लागला. अमेरिकन गिऱ्हाईक कॉफी प्यायला बाहेर पडतं. त्याच्या बोटींवर खोलीत किटली बहुधा नसते. इंग्रज माणसाला मात्र डोळे उघडल्याबरोबर अंथरुणातच कपभर चहा लागतो, म्हणून पी अँड ओ, मरेला, फ्रेड ओल्सन यांच्या खोल्यांत किटली, कप आणि चहाच्या पुड्या ठेवलेल्या असतात. बोट पसंत करताना तिकडचे म्हातारे-म्हाताऱ्या हे पहिल्यांदा विचारतात. जामखेडच्या आईचं आणि साउदॅम्प्टनच्या आजीबाईचं एकमत व्हावं अशी दुनियेत फार थोडी ठिकाणं असतील.

"गूळ आपला नेईन," आई म्हणाली. तिच्यापुरता प्रश्न मिटला.

शेवटी ठरली ती पी अँड ओची मधल्या आकाराची, जरा जुनी बोट. साउदॅम्प्टनहून निघून नॉर्वेच्या खाड्या बघून परत साउदॅम्प्टन. तीन हजारांच्या आसपास माणसं. आमच्या बाजारच्या दिवसापेक्षा कमीच. खोल्या घेतल्या बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यांवर. टोकांना आणि वर हेलकावे जास्त बसतात, मध्यावर कमी. शिवाय खालच्या खोल्या स्वस्त. खोली लिफ्टपासून फार लांब नको, हे आप्पांनी तात्यांच्या अनुभवावरून घालून घेतलं. तिकिटाचा पहिला आकडा त्या चकचकीत अमेरिकन बोटीपेक्षा जास्त होता. बक्षिसी, विमानं आणि विमानतळावरचा हॉटेलचा मुक्काम धरल्यावर तो कमी निघाला.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ काटकीनं निखारे उकरले आणि म्हणाले, "आमच्या पोरानं हौसेनं नेलं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण दादा, मला कुणी विचारलंच नव्हतं."

"तू सांगितलंस का?" आप्पांनी विचारलं.

तात्या काही बोलले नाहीत. त्याच रात्री त्यांनी बर्मिंगहॅमला फोन लावला आणि अर्धा तास बोलत राहिले, असं घरात कळलं.

जाता जाता एक कामाची गोष्ट, कारण ह्याच ठिकाणी पुष्कळ कुटुंबं अडकतात. मुलांकडं ब्रिटिश पासपोर्ट असला तरी आईवडिलांकडं भारतीय असतो. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन व्यवस्थेत आहे. त्यामुळं तिथं उतरायला त्यांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक वेळा आत येऊ देणारा असावा लागतो, कारण बोट परत साउदॅम्प्टनलाच लागते. पाहुणा म्हणून इंग्लंडात पोचल्यावर शेंगेनचा अर्ज सहसा घेत नाहीत. तो घरून निघण्याआधी, बोटांचे ठसे देऊन, इथंच करायचा. बोटीचे पैसे भरण्याआधी दोन्ही पासपोर्टांची मुदत उघडून बघा.