नाल्याची नदी करण्याआधी

ॲम्स्टरडॅमने सतराव्या शतकात कालवे खणले, ते मालाच्या होड्या व्यापाऱ्याच्या दारापर्यंत याव्यात म्हणून. त्या कालव्यांचे संग्रहालयही आज कालव्याकाठच्या एका जुन्या हवेलीत आहे. सिंगापूरचे बहुतेक कालवे होड्यांसाठी नव्हतेच. वर्षाला साधारण २,४०० मिलिमीटर कोसळणारा पाऊस झटपट समुद्रात ढकलायचा, एवढेच त्यांचे काम. त्यांची गोष्ट समजून घ्यायची तर मरीना बंधाऱ्यावरच्या ‘सस्टेनेबल सिंगापूर गॅलरी’त जावे. मांडणी सरकारी आहे, यशोगाथेचा सूर लपत नाही. पण प्रदर्शन पाहून हिरवळीच्या गच्चीवर गेले की एका हाताला खारा समुद्र आणि दुसऱ्या हाताला गोड्या पाण्याचा जलाशय दिसतो. तक्त्यांपेक्षा हे दृश्य जास्त सांगते.

बंदराच्या काळात नदी म्हणजे रस्ता होता. पडावांतून माल काठावरच्या वखारींत चढे आणि घाण पाण्यात पडे. शहर वाढले तशी पावसाची भीती वाढली. १९६९ आणि १९७८ च्या पुरांनी बुकित तिमा परिसराला झोडपले. ओढे सरळ करा, काँक्रीटने बांधा, पाणी घालवा, हा तेव्हाचा अभियांत्रिकी धर्म. त्याला हसण्याचे कारण नाही. त्याने माणसे वाचवली.

पण १९६५ मध्ये मलेशियापासून वेगळ्या झालेल्या या देशाला मलेशियातल्या जोहोरहून येणारे पाणी पुरवून वापरावे लागत होते. विकतचे पाणी प्यायचे आणि आभाळातले समुद्रात सोडायचे, हा हिशेब जुळेना. पाऊस साठवायचा तर तो ज्या नाल्यांतून येतो ते आधी स्वच्छ हवेत. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत सिंगापूर आणि कलांग नद्यांत मासे दिसले पाहिजेत, असे आव्हान दिले. डुकरे आणि बदके पाळण्याच्या जागा हटल्या, हजारो फेरीवाले छपराखालच्या खाद्यकेंद्रांत गेले, १९८३ मध्ये पडाव पासिर पांजांगला हलवले. टोपलीचे संडास १९८७ मध्ये संपले. ज्यांचा धंदा नदीवरच होता त्यांना हे सोपे गेले नसणार. गॅलरीत त्यांची बाजू तोकडीच वाटते. २००८ मध्ये मरीना बंधारा झाला आणि देशाच्या जवळपास सहाव्या हिश्शाचे, म्हणजे १०,००० हेक्टरांवरचे पावसाचे पाणी एका जलाशयात येऊ लागले.

नद्या स्वच्छ झाल्यावरच पुढची पायरी आली. २००६ मध्ये नाले, कालवे आणि जलाशय लोकांच्या वावराचे करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बिशान–आंग मो क्यो उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडून ३.२ किलोमीटरची वळणे घेणारी नदी केली. २०१२ मध्ये ती खुली झाली. दगड, फांद्यांच्या मोळ्या आणि झाडांची मुळे काठ धरून ठेवतात. फोडलेल्या काँक्रीटची टेकडी त्याच उद्यानात उभी आहे. पाऊस आला की नदी हिरवळीवर पसरते. लोकांनी बाहेर पडावे म्हणून भोंगे वाजतात. पुराला भिंतीऐवजी जागा द्यायची, ही कल्पना मला या साऱ्या प्रवासात सर्वांत धाडसी वाटते.

अर्थात जुनी कल्पना मेलेली नाही. २०१० मध्ये ऑर्चर्ड रोडवरच्या दुकानांत पाणी शिरले, तेव्हा उत्तर पुन्हा काँक्रीटचेच होते: ३८,००० घनमीटरची भूमिगत टाकी आणि पाणी वळवणारा नवा कालवा, दोन्ही २०१८ मध्ये पूर्ण. दाट बाजारपेठेत नदीला पसरायला जागा कुठून आणणार?

आपल्याकडून तिथे जाणारी शिष्टमंडळे बहुधा बिशानचे फोटो घेऊन परततात. फोटोत २०१२ दिसते, १९७७ दिसत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर मिठी नदीला भिंती मिळाल्या. सांडपाणी मात्र तिच्यात येतच राहिले. पुण्यात मुळा-मुठेच्या काठसुधारणेची आणि ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी एकाच दिवशी, ६ मार्च २०२२ रोजी झाली. सिंगापूरने या दोन कामांत तीन दशकांचे अंतर ठेवले. आपल्याला तेवढे थांबायला नको, पण क्रम तोच हवा. आधी ती अकरा केंद्रे पूर्ण क्षमतेने चालू द्या, मग घाट बांधा.