कोरड्या कड्यासमोर

धबधबा पाहायला जावे आणि धबधबाच नसावा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला हसू आणणारी आहे. आता मलाही हसू येते. पण त्या दिवशी, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, मानेला कळ लागेपर्यंत मी ज्या कड्याकडे पाहत उभा होतो त्याच्यावर पाण्याचा थेंब नव्हता, आणि मला आला होता तो राग. तो नेमका कोणावर होता, याचा विचार मी गेले वर्षभर अधूनमधून करीत आहे.

मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरी करतो. आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो तेव्हा काय काय दाखवू म्हणून त्याने विचारले, आणि मी एकच नाव घेतले. माझ्या कचेरीच्या भिंतीवर पुष्कळ वर्षांपूर्वी एका कॅलेंडरात योसेमिटीच्या धबधब्याचे चित्र होते. २,४२५ फूट उंची, तीन टप्पे. त्यांतला वरचा एकटाच १,४३० फुटांचा. वर्ष संपले तरी ते पान मी फाडू दिले नव्हते. मुलाला रजा मिळाली ती सप्टेंबरात.

कडा मात्र होता. राखी रंगाचा, प्रचंड, आणि त्याच्या अंगावरून खालपर्यंत उतरलेला एक काळपट ओघळ. तळाच्या पुलाखाली धोंडे पडले होते आणि त्यांवर मुले उड्या मारीत होती.

"बर्फ वितळतं तेवढंच पाणी, बाबा," मुलगा म्हणाला. "वर सगळा उघडा कातळ आहे, पाणी धरून ठेवायला मातीच नाही. मे महिन्यात भरून वाहतो, ऑगस्टपर्यंत बहुतेक आटतो."

"हे तुला ठाऊक होतं?"

"होतं. पण रजा आत्ताच मिळाली. म्हटलं, थोडं तरी असेल."

"मग मला आणलंस कशाला?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, की व्हर्नल नावाचा दुसरा धबधबा आहे, तो बाराही महिने वाहतो, थोडे चालावे लागेल. मी म्हटले, "मला दुसरा नको." चार तास गाडी हाकून आलेल्या माणसाला असे बोलायचे नसते, हे मला तेव्हाही कळत होते.

हिने तोवर एका धोंड्यावर बसून डबा उघडला होता. दशमीचा तुकडा मोडता मोडता ही म्हणाली, "मे महिन्यात आंबोलीला गेलो होतो, तेव्हा नव्हते हो रागावलात."

खरेच नव्हतो रागावलो. आंबोलीचा धबधबा पावसाळ्याचा. मे महिन्यात तो कोरडा दिसला तर आपण "मृगानंतर यायला हवं" एवढेच म्हणतो आणि चहा पिऊन परत फिरतो. सह्याद्रीला ऋतू असतात हे आपल्याला मान्य असते. मग हा डोंगर ऋतूंना बांधलेला नाही, असे मी कशावरून धरून चाललो होतो? विमानाचे भाडे भरले म्हणून? कॅलेंडरात बाराही महिने तो वाहत होता म्हणून?

पैसे मोजणाऱ्याची ही अपेक्षा पुरवणारेही असतात. नायगाराचे पाणी वीज करण्यासाठी वळवतात. पण अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली झालेल्या करारात असे ठरले, की हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला निदान एक लाख घनफूट पाणी सोडावे आणि रात्री व हिवाळ्यात त्याच्या निम्मे. म्हणजे पाहणारे निजायला गेले की धबधबाही निम्मा होतो! योसेमिटीत तर पाण्यावर न भागून विस्तवाचा धबधबा करीत. १८७२ च्या सुमारास सुरू झालेली ही चाल, मधले खंड सोडले तर, जानेवारी १९६८ पर्यंत चालली. ग्लेशियर पॉइंटच्या कड्यावर झाडांच्या सालींचा ढीग पेटवायचा आणि रात्री त्याचे निखारे खाली लोटायचे. ते पाहायला इतकी गर्दी होई की खालची कुरणे तुडवली जात. शेवटी उद्यानाने हा खेळ बंद केला. जे निसर्गाचे नाही ते येथे दाखवायचे नाही, असे ठरले. किती जण हिरमुसले असतील! आणि तरी हा निर्णय मला आवडतो. ज्याला आपल्या येण्याजाण्याची दखलच नाही असे काहीतरी जगात असावे, असे वाटते.

वाटते खरे, पण प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. मी सत्तरी ओलांडली आहे. एवढ्या लांब पुन्हा जाणे होईल असे नाही. आयुष्यात एकदाच येणाऱ्या माणसाचा काहीच हक्क नसतो का? पंढरपुरात गर्दीमुळे आत जाता आले नाही तर वारकरी कळसाला हात जोडतो आणि परततो. त्याचे दर्शन झालेले असते. मी स्वतःची अशीच समजूत घालून पाहिली. ती पटली नाही. वारकऱ्याचा विठोबा आत उभाच असतो. माझा धबधबा मात्र तेथे नव्हताच. कोणी दार लावून घेतले नव्हते की कोणी रांगेत पुढे घुसले नव्हते. तेथे भांडायलाच कोणी नव्हते, आणि म्हणून मी मुलाशी भांडलो. जवळच्या माणसाला आपण हवामानासाठीही जबाबदार धरतो.

परतताना गाडीत धाकट्या भावाचा फोन आला. "पाहिलास का धबधबा?" त्याने विचारले. मी म्हटले, "पाहिला." मुलाने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. त्यावर घरी कोणीच काही बोलले नाही. जायच्या दिवसापर्यंत नाही.

यंदा मे महिन्यात एके रात्री साडेदहाच्या सुमारास त्याचा फोन आला. तेथे सकाळचे दहा वाजले होते. तो एकटाच योसेमिटीला गेला होता, पुलावर उभा होता. त्याने फोन वर धरला असावा. नुसता घोंघावता आवाज येत होता, आगगाडी बोगद्यातून जाताना येतो तसा. ही उठून बसली. मला त्याला जे सांगायचे होते ते मी सांगितले. पाण्याच्या आवाजात त्याला काही ऐकू गेले नाही. "काय म्हणालात, बाबा?" असे तो दोनदा ओरडला.