मधलं घर



देवळालीच्या शाळेत एक गुरुजी होते, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). महाराजांचंच नाव लाभलेल्या या गुरुजींना आकड्यांचं वेड. ६१७४ हा त्यांचा आकडा जगभर गेला. जादूचे चौरस रचण्यातही ते रमत. ही विद्या आपल्याकडे जुनीच. नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’त तिला ‘भद्रगणित’ म्हटलं आहे.

मी बँकेतला कारकून. जन्मभर जमा-नावे जुळवली, म्हणून मलाही हा छंद. एका गुरुवारी आरतीनंतर नातीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला, कोडं घातलं. नऊ घरं, त्यांत एक ते नऊ आकडे एकेकदाच भरायचे. आडवी, उभी, तिरपी, कुठलीही ओळ सारखीच यावी. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस, ओळी तीन, म्हणून एका ओळीचे पंधरा.

तिनं नऊ मधे ठेवला. “आजोबा, हा सगळ्यात मोठा, मधला मान याचा!” मग आठ कुठे ठेवावा? मधल्या घराची ओळ तर प्रत्येक घरातून जाते. आठ कुठेही ठेवा, नऊ नि आठ सतराच! पोरगी खोडून खोडून थकली. शेवटी पाच मधे बसवला, तेव्हा जमलं:

२ ७ ६
९ ५ १
४ ३ ८

पाहा, नवाच्या बरोब्बर समोर एक बसलाय. आठासमोर दोन, सातासमोर तीन, सहासमोर चार. एकावाचून नवाची ही ओळ पुरी होत नाही.

माझ्या काळजात चर्र झालं. थोरला पुण्याला, पगार मोठा. धाकटा इथेच हिंगण्याच्या एमआयडीसीत. आल्यागेल्यासमोर मी थोरल्याचा आकडा सांगायचो आणि धाकटा खाली मान घालून पाणी आणून द्यायचा. मी आजारी पडलो तेव्हा पैसे थोरल्यानं पाठवले, पण रात्रपाळी करून दवाखान्यात उशाशी बसला तो धाकटाच. दोघांनी मिळून ओळ पुरी केली. मीच मोठ्या आकड्याला मधे बसवून घराचा हिशेब चुकवत होतो.

त्या रात्री धाकट्याला म्हटलं, “बाळा, माझं चुकलं.” तो काही बोलला नाही. सकाळी चहा मात्र माझ्याजवळ बसून प्याला.

दत्तप्रभूंनी चोवीस गुरू केले. त्यांत सूर्य, समुद्र, हत्ती आहेत, तसे कोळी, मधमाशी नि पतंगही आहेत. लहान म्हणून कुणाला वगळलं नाही.

आता वरच्या प्रत्येक घरात त्रिमूर्तीचे तीन मिळवा. प्रसादासारखे, सगळ्यांना सारखेच. हरेक ओळ चोवीस येते की नाही, पाहा!

पंधराचं यंत्र काहीजण गल्ल्यावर लावतात. माझं म्हणणं, ते आधी घरात मांडावं. या दत्तजयंतीला पंगतीत बसताना कुणाचा पगार विचारू नका, कोण मागे राहिला तेवढं बघा.

श्री गुरुदेव दत्त!