वाघाच्या फायलीतली बाई

घातचतुर्दशीला आमच्या घरी पान वाढत नाहीत. भाद्रपदातल्या अंधाऱ्या पंधरवड्यातली ही तिथी शस्त्राने, अपघाताने, जनावराने मेलेल्यांची, आणि आमचे सगळे खाटेवर गेलेले. पण ब्रह्मपुरीच्या एका वाचनालयात मी कात्रणांच्या फायली सांभाळते, आणि त्या कपाटात बाराही महिने घातचतुर्दशीच असते.

शहरातला माणूस गेला की 'निधन वार्ता' येते. पश्चात दोन मुले, सुना, जावई, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार. वंशावळ शोधणाऱ्याला आयती पंगतच ती. जंगलातल्या माणसासाठी मात्र कुणी पैसे भरून निधन वार्ता देत नाही. तो पेपरात येतो वाघाने नेला तर, वीज पडली तर, वैनगंगेच्या पुरात डोंगा उलटला तर, नाहीतर दोन बंदुकांच्या मध्ये सापडला तर. गडचिरोलीची बरीच पानं या शेवटच्या प्रकाराने भरली आहेत. सत्तर वर्षं मोह वेचून, धान रोवून, नातवंडं खेळवून झोपेत गेलेली म्हातारी माझ्या एकाही फायलीत नाही. चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली, ही तारीख इकडच्या शाळकरी पोरालाही पाठ. त्यांच्या माणसांना रानात भाकर पोचवणाऱ्यांची नावं कोण सांगेल?

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे पानं तोडायला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात ठार, अशी तीन बोटांची बातमी येते. नाव, वय, गाव, पंचनामा. आता हे कात्रण ठेवायचं कुठे? शिरस्त्याप्रमाणे 'वाघ' या विषयात. म्हणजे बाई गेली ती गेलीच, वर तिला मारणाऱ्याच्या नावाखाली जमा झाली. विषय ठरवणं हे कारकुनी काम आहे असं मी कधीच मानलं नाही. माणसाची ओळख त्याच्या शेवटच्या घटकेवरून करायची की आधीच्या पन्नास वर्षांवरून, हा त्यात प्रश्न आहे. म्हणून आमच्याकडे अशा बातमीची एक प्रत गावाच्या नावाने ठेवतात आणि त्या प्रतीवर, घरच्यांना विचारून, बाईचं माहेरही लिहितात.

वेदान्ती मंडळी हसतील. त्यांच्या मते नाम-रूप ही उपाधी. जुनं वस्त्र टाकलं, आत्मा पुढे गेला, त्याला कसलं माहेर? पण तोच धर्म पिंड ठेवताना नाव आणि गोत्र विचारतो. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. त्यापलीकडच्यांना एकेकट्याने हाक मारत नाहीत, ते पितरांच्या मेळ्यात मिसळले असं धरतात. भामरागडकडे माडिया लोक मेलेल्यासाठी दगड उभा करतात, त्यावर एक अक्षर नसतं. सांगणारा गेला की दगड नुसता पूर्वजांचा होतो. मला ही विसरण्याची सोय शहाणपणाची वाटते. नाव मेलेल्याला लागतं का, मला सांगता येणार नाही. जिवंताला मात्र लागतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही गरज कागदावर आणली. आदिवासी नसलेल्या वननिवासींनी तीन पिढ्यांचा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायचा. श्राद्धाच्या तीन पिढ्या आणि सरकारच्या तीन पिढ्या! नागभीड तालुक्यातला एक ढिवर तरुण त्यासाठी आमच्याकडे आला. १९०९ च्या चांदा गॅझेटियरात जमाती आहेत, तलाव आहेत. त्याचा पणजा असण्याचं कारण नव्हतं. गावाच्या फायलीत मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या मासेमारीवरून झालेल्या तंट्याची बातमी निघाली, तीत त्याच्या आज्याचं नाव. कात्रणाच्या कडेला पेन्सिलीने तारीख आणि पेपरची आवृत्ती लिहिलेली होती म्हणूनच ते कात्रण. नाहीतर पिवळा कागद. पण ते १९७० नंतरचं. पणजाचं नाव त्याच्या मोठ्या मायला तेवढं ठाऊक होतं. नियमांत सरकारी कागदांबरोबर वंशावळ, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेही पुरावे धरले आहेत, आणि एकाहून अधिक पुरावे बघायचे आहेत. पुरलेल्या माणसाची साक्ष ग्राह्य धरणारा कायदा मला तरी धार्मिक वाटतो. दावा अजून समितीकडे आहे.

साठवून ठेवण्यात पुण्यच आहे असं मात्र नाही. एका फायलीत एका घरावरचा जुना चोरीचा आळ आहे. पेपरात अटक छापून येते, निर्दोष सुटल्याचं सहसा येत नाही. पितरांचे दोष श्राद्धात कुणी वाचून दाखवत नाही. फाईल दाखवते, आणि पणतवालाही दाखवते. मी ते कात्रण फाडलं नाही. सुटकेची हकीकत घरच्यांकडून ऐकून, सांगणाऱ्याच्या सहीनिशी त्याला जोडली आहे. सोयरीक ठरवायच्या आधी चौकशीला येणाऱ्यांना ती फाईल मिळत नाही. वाचनालयाचा नियम याच्या उलट असला तरी नाही.

एक मागणं आहे. पितृमोक्ष अमावस्येला बरबटीचे वडे तळायच्या आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. गेलेल्यांची नावं विचारा, बायकांची माहेरची गावं विचारा. कोण कशाने गेलं हे शेवटी. आधी ते काय करत होते ते. खाली तारीख घाला आणि सांगणारीचं पूर्ण नाव लिहा.