पाचवं कारण

जुलैतल्या एका रात्री, तीनच्या सुमारास, आमच्या घाटात बैलगाडीएवढा एक दगड रुळांवर आला. कोणी दगावलं नाही. लोणावळ्याहून उतरणारी मालगाडी दगडाच्या बरीच अलीकडे थांबली. सकाळच्या गाड्या लोणावळ्याला आणि कर्जतला अडकून पडल्या, नोकरदारांचे हाल झाले, दुपारी बाराला मार्ग मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. आईने देवापुढे साखर ठेवली. ‘देवानंच वाचवलं रे,’ म्हणाली. मीही मान डोलावली. त्या पट्ट्यातल्या रुळांची देखभाल तेव्हा माझ्याकडे होती. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण ती डोलावलेली मान अजून खुपते.

बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ साली. चढ असा, की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. डोंगर आहे काळ्या पाषाणाचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. मध्येच कुठे लाल मातीचा पट्टा. वरून कातळ अभंग दिसतो, पण जवळ जाऊन पाहिलं तर भेगाच भेगा. पाणी भेगेत शिरतं, मागची माती धुऊन नेतं. एखाद्या पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं आणि मूळ पाचरीसारखं आत घुसत जातं.

म्हणून उन्हाळ्यात आमची माणसं कमरेला दोर बांधून कड्यावर लोंबकळत. ब्लॉक घेऊन गाड्या थांबवायच्या, पहारीने दगड ठोकून पाहायचा, बद्द आवाज आला की सैल समजायचा. सैल दगड पाडायचा. पाडता आला नाही तर त्यावर रंगाने आकडा टाकायचा. त्या मे महिन्यात १७ आकडा मी माझ्या हाताने घातला होता. दगड पहारीखाली हलत होता, आणि त्याच्या मागे मनगटाएवढा पिंपळ.

मुकादम म्हणाला, ‘साहेब, पिंपळ हाय. ह्याला हात नको. मुंजा असतो.’

मी मुंजा मानत नाही. त्या दिवशी मात्र मानला. कारण ब्लॉकची चाळीसच मिनिटं उरली होती आणि खाली आणखी दोन दगड बाकी होते. मुकादमाची समजूत घालता आली असती. झाड तसंच ठेवून दगड सळयांनी कातळाला जखडता आला असता, वरून जाळी टाकता आली असती. मी म्हटलं, ‘बरं, पुढच्या वर्षी बघू.’ त्याची श्रद्धा खरी होती. मला ती सोयीची पडली.

जुलैत १७ नंबर खाली आला. आवाज ऐकला गस्तीवरच्या माणसाने. एका हातात बत्ती, खांद्याच्या पिशवीत फटाके, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. मागाहून मला म्हणाला, ‘आवाजाआधी वास आला, साहेब. पावसाच्या मातीचा न्हाई. डोंगराच्या आतल्या मातीचा.’ रुळावर दगड दिसताच तो उलटा फिरला, चढाच्या दिशेने धावला. १२०० मीटरवर, दहा-दहा मीटरचं अंतर सोडून, तीन फटाके रुळांवर बांधायचे असतात. चाक वर आलं की ते फुटतात आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. त्या पावसात, त्या चढावर १२०० मीटर धावणं काय असतं ते मला ठाऊक आहे. सकाळी मी पाठ थोपटली तर म्हणाला, ‘मारुतीनं वास दिला म्हणून बरं.’

ऑफिसात येऊन मी अहवाल लिहिला: ‘अतिवृष्टीमुळे नैसर्गिकरीत्या दरड कोसळली.’

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. मी हा अध्याय निवृत्तीनंतर सावकाश वाचला आणि या क्रमापाशी अडलो. दैव नाकारलेलं नाही. उलट, थोडं पुढे गेलं की मीच एकटा कर्ता असं समजणाऱ्याला दुर्मती म्हटलं आहे. पण दैव पाचवं आहे. अधिष्ठान म्हणजे आमचा डोंगर. कर्ता म्हणजे मुकादम, गस्तवाला आणि मी. करण म्हणजे पहार, दोर, बत्ती, फटाके. चेष्टा म्हणजे चढणं, ठोकणं, धावणं. या चारांचा हिशोब मांडून झाला, की उरेल ते दैव.

गंमत म्हणजे १९८९ चा रेल्वे कायदाही याच वाटेने जातो. मालाची नुकसानभरपाई टाळायला ‘दैवी आपत्ती’ हे कारण त्याला चालतं, पण पुरेशी दूरदृष्टी आणि काळजी घेतली होती हे रेल्वेने आधी सिद्ध करावं लागतं. आणि गाडीच्या अपघातात प्रवासी मेला, तर चूक कोणाची हे न विचारता भरपाई द्यावी लागते. पोत्यासाठी देवाचं नाव सांगता येतं, माणसासाठी नाही.

आईच्या वाक्याबाबत मला दुसरीही अडचण आहे. जून २००३ मध्ये कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरड आली, गाडी घसरली आणि पन्नासाच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडी-वीरच्या दरम्यान मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडांवर आदळली. आमची मालगाडी देवाने वाचवली म्हणायची, तर तिथे तो कुठे होता? हा प्रश्न मी आईला कधी विचारला नाही. पण त्यानंतर कोकणात काय झालं ते पाहिलं. कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या ठोकल्या, गस्त वाढवली, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवून वेगळं वेळापत्रक केलं. पाचव्या खात्यातलं बरंच काही माणसांनी पहिल्या चार खात्यांत ओढून आणलं. दैव संपलं नाही, पण त्याचा वाटा घटला. मला तरी धर्माचं काम याहून वेगळं वाटत नाही.

गस्तवाला ‘मारुतीनं’ म्हणाला तेव्हा तो १२०० मीटर धावून आला होता. आपल्या वाटणीचं सगळं करून त्याने श्रेय सोडून दिलं. मी ‘नैसर्गिकरीत्या’ लिहिलं तेव्हा माझ्या वाटणीचं काम कड्यावर तसंच सोडलेलं होतं. शब्दांचा अर्थ जवळपास एकच, पण ते उच्चारायचा अधिकार त्याला होता, मला नव्हता.

त्या अहवालात एक ओळ राहून गेली होती. ती इथे लिहितो. दगड क्रमांक १७ मे महिन्यातच हलत होता, आणि तो मी पाहिला होता.