कुणी बोलावलं होतं?

सप्टेंबर संपत आला की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो. २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे आपल्या एनएसएसचा स्थापनादिन. आठवडाभराने गांधीजयंती. सकाळी साडेसातला गेटवर जमायचं, टी-शर्ट घालूनच यायचं, हजेरी लागेल. २०२३ साली तर १ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता सगळ्या देशाने एक तास श्रमदान करावं, असं आवाहन पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून केलं होतं. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या स्टेटसला झाडू होता.

अशा दिवसांची थट्टा करणं सोपं आहे. झाडू नवाकोरा, कचरा मोजून दहा पानं, फोटोत माणसं बारा. पण थट्टा करणारा आणि फोटो टाकणारा असे दोघंही एक प्रश्न टाळतात. एका दिवसाच्या सेवेत चांगलं नेमकं काय असतं, आणि ते कशावरून ठरवायचं? सेवा करणाऱ्याच्या मनावरून? उचललेल्या कचऱ्याच्या वजनावरून? मला वाटतं, ते बरंचसं त्या दिवसाच्या आधीच ठरून गेलेलं असतं. काम कोणतं करायचं हे जिथे ठरतं त्या बैठकीत कोण बसलं होतं आणि कुणाला विचारलंच नव्हतं, यावर ते ठरतं. नियोजन म्हणजे बॅनर, पाण्याच्या बाटल्या आणि पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ, असं आपण समजतो. नैतिक प्रश्न मात्र तिथेच दडलेला असतो.

यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण बघू. तिथे जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने सुट्टीचा असतो. सुट्टीचा कायदा १९८३ साली झाला, १९८६ पासून ती पाळली जाऊ लागली. पण सुट्टी म्हणजे झोप आणि सेलमधली खरेदी, हे काही जणांना खटकलं. किंग यांच्या चळवळीतले सहकारी, खासदार जॉन लुईस, आणि सिनेटर हॅरिस वॉफर्ड यांनी मिळून प्रयत्न केले आणि १९९४ साली कायद्यानेच हा दिवस राष्ट्रीय सेवेचा दिवस ठरला. सुट्टीचा नव्हे, कामाचा दिवस, अशा अर्थाची घोषणा तेव्हापासून चालत आली आहे. लोक शाळांच्या भिंती रंगवतात, गरजूंसाठी अन्नाची पाकिटं भरतात, बागा साफ करतात.

आता किंग यांचा शेवट आठवा. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेंफिस शहरात दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला शहरातले सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ अशा अर्थाचे फलक घेऊन ते रस्त्यावर उतरले. किंग मेंफिसला गेले ते या संपाच्या पाठीशी उभं राहायला. ४ एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घालण्यात आली.

कल्पना करा, त्या फेब्रुवारीत मेंफिसमध्ये कुणी सेवा दिवस ठरवला असता. रस्त्यावर कचऱ्याचे ढीग. शहर स्वच्छ व्हावं या प्रामाणिक इच्छेने पाचशे तरुण झाडू घेऊन बाहेर पडले. त्यांचं मन स्वच्छ, काम खरं, घामही खरा. आणि तरीही त्यांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असती? संप मोडायला हातभार! महापौर तेव्हा बदली कामगार लावून कचरागाड्या चालू ठेवायचा प्रयत्न करतच होते. त्यांना हे पाचशे जण फुकटात मिळाले असते.

तोच झाडू, तोच रस्ता, तेच निर्मळ मन. एका प्रसंगी ती सेवा ठरते आणि दुसऱ्या प्रसंगी अन्याय. म्हणजे सेवेचं मोल फक्त मनात नाही आणि फक्त कृतीतही नाही. ज्यांच्यासाठी किंवा ज्यांच्या जागी आपण ते काम करतो, त्यांच्याशी आपलं नातं काय, हे त्यात धरावंच लागतं. आणि ते कळायला एकच मार्ग आहे, त्यांना विचारणं.

हा वाद आपल्याकडेही झालेला आहे, आणि योगायोग असा की त्याचीही तारीख २४ सप्टेंबरच. १९३२ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. त्यानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. त्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांनी संस्थेचे चिटणीस ठक्कर बाप्पा यांना एक सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा असा होता की कामाच्या दोन तऱ्हा असतात. एक, माणसाला सुधारणं : दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं. दुसरी, ज्या परिस्थितीने त्याला खाली दाबलं आहे ती बदलणं : विहिरीवर पाणी भरण्याचा, शाळेत बसण्याचा, चावडीवर जाण्याचा हक्क मिळवून देणं. संस्थेने आपली ताकद दुसऱ्या कामात लावावी, असं त्यांना वाटत होतं. संस्थेचा मार्ग वेगळा निघाला, कारभारही मुख्यतः सवर्णांकडेच राहिला. गांधींची भूमिका अशी की अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप आहे, प्रायश्चित्त त्यांनीच घ्यायचं, म्हणून संस्थाही त्यांनीच चालवायची.

गांधींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्याने चूक केली त्यानेच राबायला हवं, हे न्यायाचंच आहे. पण राबायचं कुणी हा एक प्रश्न, आणि काय काम करायचं हा दुसरा. ऋणकोने कर्ज फेडावं हे खरं. ते फिटलं की नाही, हे मात्र धनकोच सांगणार. सेवा दिवसाच्या बैठकीत आपण पहिल्या प्रश्नावर तासभर बोलतो : कोण येणार, किती जण येणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, कारण झाडू आणून झालेले असतात.

मग झाडू हातात घ्यायचाच नाही का? घ्यायचा. महाराष्ट्रात याचा सगळ्यात मोठा धडा गाडगेबाबांनी घालून दिला आहे. चिंध्यांचा अंगरखा, हातात खापर. गावात शिरायचे ते झाडत शिरायचे. कामाच्या बदल्यात कुणी भाकरी दिली तर घ्यायचे. आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तरं काढून घ्यायचे. कर्ज काढून सण का करता, देवापुढे बकरं का कापता, पोराला शाळेत का घालत नाही? सकाळचा झाडू हा रात्रीच्या प्रश्नाचा परवाना होता. दिवसभर आपल्या गटारी उपसणाऱ्या माणसाला ‘तू कोण विचारणार?’ असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. आपल्या सेवा दिवसांत सकाळ असते, रात्र नसते. साफसफाई होते, प्रश्न राहून जातो.

आफ्रिकेतल्या रवांडामध्ये ही रात्र वेगळ्या रूपात शिल्लक आहे. तिथे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ‘उमुगांडा’ असतो. १८ ते ६५ वयाच्या नागरिकांनी वस्तीचं काम करायचं : रस्ता, गटार, झाडं, कुणाचं पडकं घर. काम संपलं की वस्तीची सभा बसते, अडचणी मांडल्या जातात, पुढचं काम ठरतं. सभेची ही कल्पना घेण्यासारखी आहे. पण उमुगांडा टाळला तर दंड होऊ शकतो. सक्तीने केलेल्या कामाला सेवा म्हणायचं की वेठ? ‘नाही’ म्हणण्याची सोय नसेल तर ‘हो’ला काय अर्थ राहिला?

आपल्याकडे दंड नाही, पण हजेरी आहे, प्रमाणपत्र आहे, काही विद्यापीठांत जादा गुणही आहेत. गुणांसाठी आलेल्या मुलाची सेवा खोटी, असं मला वाटत नाही. अ‍ॅरिस्टॉटल सांगून गेला आहे की न्यायाची कामं करत करतच माणूस न्यायी होतो. पोहायला पाण्यात पडूनच शिकतात, तसंच हे. पहिल्यांदा आपण कशासाठी आलो, हे फार महत्त्वाचं नाही. दुसऱ्यांदा यावंसं वाटेल असं काही तिथे होतं का, हे महत्त्वाचं. एनएसएसची मूळ रचना इथे शहाणपणाची वाटते. १९६९ मध्ये, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. त्यात वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, आणि एक गाव दत्तक घेऊन तिथे सात दिवसांचं शिबिर असतं. एवढा वेळ एकाच गावात ये-जा केली तर तिथली माणसं नावाने ओळखायला लागतात, आणि ‘तुम्ही मागच्या वेळी सांगितलं होतं, त्याचं काय झालं?’ असंही विचारतात. एका दिवसात हा प्रश्न विचारायला कुणी उरतच नाही.

प्रसिद्धीचंही तसंच. पोस्टरवर ‘चला, देश बदलूया’ लिहिलं की येणाऱ्याला आपण खोटं आश्वासन देतो, आणि दुपारी घरी जाताना तो एकतर फुगलेला असतो नाहीतर फसवला गेलेला. ‘रविवारी आठ ते अकरा, झेडपी शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायची आहेत, सहा जण हवेत, पुढच्या महिन्यात पुन्हा यावं लागेल’ असं लिहिलं तर लाइक कमी पडतील, पण जो येईल त्याला आपण कशासाठी आलो हे कळलेलं असेल. फोटोचंही तेच. ब्लँकेट घेणाऱ्या म्हातारीचा चेहरा आपल्या रीलमध्ये येतो, तेव्हा त्या ब्लँकेटची किंमत तिने चुकती केलेली असते. तिला कुणी न विचारता!

यावर रास्त आक्षेप असा : इतके प्रश्न विचारत बसलो तर कुणी काहीच करणार नाही, आणि चुकतमाकत केलेली सेवा ही न केलेल्या सेवेपेक्षा बरीच. बऱ्याचदा ते खरंही आहे. पूर आला, दरड कोसळली, तर आधी धावायचं. पण सेवा दिवस हा काही पूर नव्हे. त्याची तारीख वर्षभर आधी माहीत असते. आधी विचारायला वेळ नव्हता, असं म्हणण्याची सोय तिथे नाही.

समजा, येत्या सप्टेंबरात बॅनर छापायच्या आधी तुमच्यातले दोघं जण वॉर्डातल्या सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी पहाटे जाऊन बसले. कदाचित कळेल की तुमच्या स्वच्छता मोहिमेचा कचरा उचलायला त्यांना रविवारीही यावं लागतं. कदाचित त्या म्हणतील, झाडायला येऊ नका, घरोघरी जाऊन ओला-सुका वेगळा करायला सांगा, डायपर आणि फुटलेली काच कागदात गुंडाळून द्यायला सांगा, आमचे हात कापतात. कदाचित एखादी म्हणेल, ठेकेदार पगाराची पावती देत नाही, तुम्ही शिकलेली पोरं, एक अर्ज लिहून द्या. यातल्या कशाचाच फोटो फारसा चांगला येत नाही. अर्ज लिहून दिला तर ठेकेदार ओरडेल, कदाचित प्राचार्यांना फोनही येईल. तेव्हा तुम्ही काय करता, यावरून तुमचा सेवा दिवस कसला होता ते कळेल.

आणि असंही होऊ शकतं की त्या म्हणतील, आम्हाला तुमच्याकडून काही नको. ज्याने खरंच विचारलं असेल, त्याला हेही उत्तर ऐकून परत यावं लागेल. पुढच्या महिन्यात पुन्हा जायला मात्र कुणाची हरकत नसावी, तेव्हा झाडू न नेता.