वाट एकच आहे



फ्रान्समध्ये शार्त्र नावाचं गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या फरशीत तेराव्या शतकातलं एक भलंमोठं वर्तुळ आहे. आत वळणावळणाची वाट. एरवी तिच्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. काही शुक्रवारी त्या बाजूला सारतात आणि माणसं चालू लागतात. सावकाश. मनातल्या मनात प्रार्थना म्हणत.

आपल्याला वाटेल, हा भूलभुलैया. तसं नाही. भूलभुलैयात फाटे असतात, फसगत असते. इथे चुकायची सोयच नाही. वाट एकच आहे.

पण गंमत बघा. चालणारा मध्याच्या अगदी जवळ येतो. आता पोचलोच, असं वाटतं. आणि वाट वळते, त्याला पार कडेला नेऊन सोडते. तिथे पाय रेंगाळतात. मन कुरकुरतं. देवळात प्रदक्षिणा घालताना गाभारा निदान सतत हाताशी असतो. इथे तोही आधार नाही. तरी वाट एकच आहे.

आणखी एक. शेजारून कुणी चालत असतं, खांद्याला खांदा लागेल इतकं जवळ. ते आपल्या पुढे आहे की मागे, सांगता येत नाही. मग हेवा कुणाचा करायचा? कीव तरी कुणाची करायची?

मध्यावरून परतणाराही त्याच वाटेनं येतो. समोरासमोर गाठ पडते. ओळखदेख नसते. दोघांपैकी एक जण थोडा बाजूला सरकतो, हलकेच मान लववतो, दुसऱ्याला जाऊ देतो. आणि पुन्हा चालू लागतो.